गाव आणि वेस

‘कुठले तुम्ही?’ असं विचारलं, तर शिकागोचा जुना कॅथलिक रस्त्याचं नाव सांगत नसे, चर्चचं सांगे. वसईकडे पॅरिशला, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविक-समाजाला, ‘धर्मग्राम’ म्हणतात. शिकागोत ती खरोखरच गावं होती.

१८४३ मध्ये इथं धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा कालवा खणायला आलेले आयरिश मजूर हाच त्याचा कणा होता. त्यांचं १८५६ चं सेंट पॅट्रिक चर्च १८७१ च्या महाआगीतूनही वाचलं. पोलिश लोकांनी १८६७ मध्ये सेंट स्टॅनिस्लॉस उभं केलं. शतक सरताना तिथले भाविक चाळीस हजारांच्या घरात होते. चेक लोकांनी १८७५ मध्ये सेंट प्रोकोपियस स्थापलं. प्रत्येकाची प्रवचनं आपल्या भाषेत, शाळा आपली. बाप्तिस्म्यापासून अंत्यविधीपर्यंत माणूस गावातच. पुढे १९१६ पासून आर्चबिशप मंडलाइन यांनी शाळांत इंग्रजीचा आग्रह धरला, तरी गावपण टिकलं.

त्या गावपणाची सर्वांत मोठी जखम म्हणजे १ डिसेंबर १९५८. अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेच्या आगीत ९२ मुलं आणि तीन नन्स गेल्या. इमारत जुनी, म्हणून नव्या नियमांतून सुटलेली. गल्लीगल्लीत शवपेट्या निघाल्या. त्यानंतर देशभर शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले.

पण गाव आलं की वेसही आली. गुलामीत जन्मलेले फादर ऑगस्टस टॉल्टन १८८९ मध्ये इथं आले, ते कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या सेंट मोनिका चर्चसाठी. १९६६ मध्ये मार्केट पार्क भागात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर दगड आले, ते अशाच गोऱ्या, बहुतांशी कॅथलिक वस्तीतून. कृष्णवर्णीय कुटुंबं शेजारी येऊ लागली, तशी गोरी कुटुंबं उपनगरांकडे निघाली आणि बाकं रिकामी होत गेली. काही गावं नव्या माणसांनी तारली: चेक लोकांच्या सेंट प्रोकोपियसमध्ये मेक्सिकन कुटुंबं आली. पोलिश लोकांचं सेंट अ‍ॅडलबर्ट मात्र २०१९ मध्ये बंद पडलं.

मे २०२५ मध्ये शिकागोत जन्मलेले लिओ चौदावे पोप झाले, तेव्हा दक्षिण टोकाचं त्यांचं बालपणीचं चर्च ओस पडलेलं होतं. जुनी कागदपत्रं चाळताना आणखी एक गोष्ट निघाली. त्यांच्या आईच्या आईवडिलांची नोंद १९०० च्या न्यू ऑर्लिन्समधल्या जनगणनेत ‘कृष्णवर्णीय’ अशी होती. १९२० च्या शिकागोत तीच माणसं ‘गोरी’ लिहिली गेली.

वेस त्यांनीही ओलांडली होती. फक्त कुणाला न सांगता.