शस्त्रांची फरशी
शांती डोळ्यांना दिसत नाही. मग तिला आकार कसा द्यावा?

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात पन्नासहून अधिक वर्षे यादवी युद्ध चालले. २०१६ साली शासनाचा प्रमुख बंडखोर संघटनेशी तह झाला व तिने शस्त्रे खाली ठेवली. त्यांतून स्मारक घडविण्याचे कार्य डोरिस साल्सेदो या शिल्पकर्त्रीकडे आले. शस्त्रांचा गौरव होऊ नये, म्हणून त्यांनी उंच स्तंभ उभारला नाही. सुमारे ३७ टन शस्त्रे वितळवून जमिनीवर अंथरण्यासाठी फरश्या ओतविल्या. युद्धात अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी हातोड्यांनी पत्रे ठोकले. त्यांवरूनच साचे केले गेले. ते घाव फरश्यांवर उमटले आहेत. २०१८ साली राजधानी बोगोटा येथे हे स्मारक खुले झाले.

ज्या बंदुकांपुढे माणसे थरथरत, त्या आता त्यांच्या पायांखाली निमूट पडल्या आहेत. शांती म्हणतात ती हीच!