अंकल मुळात मामाच!

चारचौघांत इंग्रजीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. काका, मामा, मावशीचे यजमान, सगळ्यांना त्यांचा एकच ‘अंकल’; नात्यांची किंमतच नसेल तर शब्द कुठून येणार? टाळ्या घेणारं वाक्य आहे. पण ते चुकीचं आहे, इंग्रजीबद्दलही आणि मराठीबद्दलही.

आधी इंग्रजीचं बघू. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत काका वेगळा होता आणि मामा वेगळा. वडिलांचा भाऊ तो ‘फॅडेरा’, आईचा भाऊ तो ‘एआम’. आत्या आणि मावशीलाही आपापले शब्द होते. १०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कचेऱ्यांत फ्रेंच आली आणि पुढच्या काही शतकांत ‘अंकल’, ‘आंट’, ‘कझिन’ हे फ्रेंच शब्द लोकांच्या घरात शिरले. हे तिन्ही मूळचे लॅटिन, आणि लॅटिनमध्ये त्यांचे अर्थ अगदी काटेकोर होते. ‘अवुंकुलुस’ म्हणजे फक्त मामा. ‘अमिता’ म्हणजे फक्त आत्या. ‘कोन्सोब्रिनुस’ म्हणजे मावसभाऊ. काका आणि मावशीचे लॅटिन शब्द वाटेत गळाले आणि उरलेल्यांवर दोन्हीकडच्या नातेवाइकांचा भार पडला. तेव्हा वॉचमनला ‘अंकल’ म्हणणारं सोसायटीतलं पोर व्युत्पत्तीच्या हिशेबाने त्याला मामा म्हणत असतं. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला पुणेकर ते आधीपासून म्हणतातच.

आता मराठीकडे. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस अशी चार खाती आहेत, ती आपण जास्त प्रेमळ आहोत म्हणून नव्हे. नात्याचे शब्द बरेचदा माया मोजत नाहीत. कोणाशी सोयरीक चालते, कोणाकडून वारसा येतो, कोणत्या कार्यात कोणाचा मान, हे ते सांगतात. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या १९५३च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला प्रदेश मानलं. इथल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालत आलं, आत्याच्या मुलीशी मात्र नाही, आणि चुलत बहीण तर सख्खीसारखीच. अशा समाजात चौघींना एकच शब्द ठेवून भागलं नसतं. जिथे आईकडची आणि वडिलांकडची नाती कायद्याला आणि लग्नाला सारखीच, तिथे एका ‘कझिन’वर संसार चालतो.

म्हणून ‘कझिन ब्रदर’, ‘को-सिस्टर’, ‘को-ब्रदर’ हे शब्द आपण तयार केले, आणि ते चुकीचे आहेत असं क्लासवाले बजावतात. तेही अर्धंच खरं. भारतीय इंग्रजीत जावेला ‘को-सिस्टर’ आणि साडूला ‘को-ब्रदर’ म्हटलं तर इथे सगळ्यांना कळतं. अडचण मँचेस्टरला येते. तिथे जाऊ, नणंद, वहिनी आणि मेहुणी या चौघी ‘सिस्टर-इन-लॉ’ या एकाच दारातून येतात, आणि नेमकी कोण ते सांगायचं तर ‘माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ’ असं फोड करून सांगावं लागतं. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या चाचणीच्या पहिल्या भागात घर, कुटुंब, काम असेच ओळखीचे विषय येतात, आणि अवघड शब्द पेरले की गुण वाढतात असा समज मुलांमध्ये पक्का रुजलेला आहे. शब्दसंपत्तीच्या निकषात प्रत्यक्षात एक गोष्ट स्पष्ट धरलेली असते: नेमका शब्द नसेल तर वळसा घालून अर्थ पोचवता येतो का. साडूची फोड करून सांगणं ही तिथे जमेची बाजू आहे.

‘सेकंड कझिन’बद्दलही बराच घोळ आहे. चुलतभावाचा मुलगा म्हणजे ‘सेकंड कझिन’ असं अनेकांना वाटतं. नाही. आपण त्याला सरळ पुतण्या म्हणतो. इंग्रजी हिशेबात तो ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’. ‘रिमूव्ह्ड’ म्हणजे कुटुंबातून काढून टाकलेला नव्हे, एका पिढीने सरकलेला. तुमचा मुलगा आणि त्या चुलतभावाचा मुलगा, ज्यांचे पणजोबा एक, ते एकमेकांचे ‘सेकंड कझिन’. दिलासा एवढाच की बहुतेक इंग्रजांनाही हे सांगता येत नाही.

‘न्यूक्लिअर फॅमिली’ हा अणुबाँबनंतरचा शब्द वाटतो, पण तो १९२०च्या दशकातला आहे. त्यातला ‘न्यूक्लिअस’ म्हणजे गाभा. त्याहून पक्का गैरसमज असा की विलायतेतही पूर्वी आपल्यासारखी एकत्र कुटुंबं होती, कारखाने आले आणि ती मोडली. केंब्रिजच्या पीटर लॅझलेट यांनी जुन्या गावोगावच्या नोंदी तपासून १९७०च्या सुमारास दाखवून दिलं की इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत घरटी सरासरी पावणेपाच माणसंच होती. गिरण्यांची धुराडी उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे लग्न झालं की वेगळी चूल हीच रीत होती. त्यामुळे ‘जॉइंट फॅमिली’ हा शब्द ऐकून इंग्रज माणसाच्या डोळ्यांसमोर आपला वाडा उभा राहत नाही. एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत, सामाईक देवघर हे त्याला सांगावं लागतं.

नात्यांनंतर आता पश्चात्तापाच्या शब्दांकडे. ‘सॉरी’ म्हटलं म्हणजे चूक कबूल केली, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की काही घरांत तो शब्द मानापमानाचा होऊन बसतो. इंग्रजीत ‘सॉरी’ हळहळीलाही चालतो. कोणी गेल्याचं कळलं की ‘आय ॲम सॉरी’ म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याने काहीही केलेलं नसतं. (‘सॉरी’ हा ‘सॉरो’चा भाऊबंद दिसतो, पण नाही, तो दुखऱ्या जागेच्या ‘सोअर’चा आहे.) माफी म्हणजे कबुली असं न्यायालयात धरलं जाईल या भीतीने लोक गप्प बसतात, म्हणून इंग्लंड आणि वेल्सच्या २००६च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टमध्ये तरतूदच झाली: नुसती माफी मागितली म्हणजे निष्काळजीपणा मान्य केला असं होत नाही.

‘रिग्रेट’ आणि ‘अपॉलजी’ एकच, हा मात्र महागात पडणारा गैरसमज. जालियनवाला बागेच्या शताब्दीच्या तोंडावर, १० एप्रिल २०१९ रोजी, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत जे घडलं त्याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. शब्द ‘रिग्रेट’ होता, ‘अपॉलजी’ नव्हता, आणि त्याच सभागृहात विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी पूर्ण, निःसंदिग्ध माफीची मागणी केली. झालं ते वाईट झालं असं म्हणणं ‘रिग्रेट’मध्ये भागतं, आम्ही केलं ते चुकलं म्हणायला ‘अपॉलजी’ लागते. लोकल उशिरा धावते तेव्हा फलाटावरची इंग्रजी घोषणा हीच वाट धरते. गैरसोयीबद्दल खेद आहे, पण तो कोणाला आहे ते वाक्यात नाही. मराठी घोषणेत निदान ‘आम्ही दिलगीर आहोत’ म्हणणारं कोणीतरी असतं.

व्याकरणातही हा शब्द दगा देतो. ‘आय रिग्रेट टू से’ म्हणजे आता एक वाईट बातमी सांगतो आहे. ‘आय रिग्रेट सेइंग’ म्हणजे बोललो त्याचा पस्तावा होतो आहे. आमंत्रणाच्या तळाशी ‘रिग्रेट्स ओन्ली’ असेल तर यजमान आधीच माफी मागत नाहीत. येणार नसाल तरच कळवा, इतकंच. आणि जुन्या संधीबद्दल बोलताना ‘मस्ट हॅव’ आणि ‘शुड हॅव’ यांची अदलाबदल फार होते. ‘मी यायला हवं होतं’ हे ‘शुड हॅव’. ‘तो आला असणार’ हे ‘मस्ट हॅव’. पहिल्यात रुखरुख आहे, दुसऱ्यात अंदाज.

रुखरुख, चुटपुट, हळहळ, पस्तावा, पश्चात्ताप अशी आपली चढती भाजणी. एसटी डोळ्यांदेखत सुटली की चुटपुट लागते, पश्चात्ताप होत नाही. रोजच्या इंग्रजीत अशा वेळी ‘रिग्रेट’ कोणी काढत नाही. ‘आय विश आय हॅड’ने काम होतं. ‘रिपेंट’ तर चर्चच्या जवळचा शब्द. इंजिनिअरिंगला गेल्याबद्दल ‘आय रिपेंट’ म्हणाल तर ऐकणाऱ्याला तुम्ही पाप केलंत असं वाटेल. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल म्हणा.

शेवटी लाइफस्टाइलचे शब्द. ते तरुण आहेत, त्यामुळे त्यांच्याभोवतीचं धुकंही ताजं आहे. खुद्द ‘लाइफस्टाइल’ बिल्डरांच्या जाहिरातीतून आलेला नाही. व्हिएन्नाचे मानसतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर हा शब्द वापरत तो माणसाच्या घडणीबद्दल, जी त्यांच्या मते बालपणीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत ठरते. ‘क्वाएट क्विटिंग’ म्हणजे गुपचूप राजीनामा देणं नव्हे. नोकरी चालूच, फक्त ठरल्यापेक्षा जास्त राबणं बंद. सरकारी कचेरीत बसून ज्यांनी हयात काढली त्यांना २०२२मध्ये याची बातमी का झाली हे कळणं कठीण. ‘लिव्ह-इन’ ऐकून ब्रिटनमध्ये पटकन आठवते ती घरीच राहून म्हाताऱ्यांची देखभाल करणारी बाई. लग्नाविना एकत्र राहणारं जोडपं तिथे ‘लिव्हिंग टुगेदर’ म्हणवतं. ‘लिव्ह-इन रिलेशनशिप’ला इतकं रुळवलं ते भारतीय वर्तमानपत्रांनी. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यात मात्र हा शब्द नाही, तिथे विवाहासारखं नातं असा उल्लेख आहे.

आणि ‘व्हीगन’. हा ‘व्हेजिटेरियन’चा फॅशनेबल उच्चार आहे असं समजणारे मी पाहिले आहेत. १९४४मध्ये ब्रिटनमध्ये डोनल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ची सुरुवात आणि शेवट जोडून हा शब्द घडवला, कारण दूधही नको म्हणणाऱ्यांना स्वतःचं वेगळं नाव हवं होतं. म्हणजे दूध, दही, तूप, मध सगळं बाद. पुरणपोळी व्हीगन होऊ शकते, तिच्यावर तुपाची धार पडेपर्यंत. उलट इंग्लंडमधल्या ‘व्हेजिटेरियन’ जेवणात अंडं सहज चालतं. तेव्हा लेकाकडे लंडनला निघालेल्या शाकाहारी आईने ‘व्हेजिटेरियन’ पाटी दिसली तर आधी अंड्याचं विचारावं. ‘व्हीगन’ पाटीखाली अंड्याची धास्ती नाही, पण चहात दूध येईल ते ओट्सचं.