टपाखालची पन्हळ

विलायतेत पाऊस वर्षभर पडतो, आणि विलायतेतल्या माणसांना बिनछपराच्या गाड्यांची हौस फार. ही दोन्ही विधानं एकाच देशाबद्दल खरी आहेत, हे तिथं जाऊन पाहिल्याशिवाय पटत नाही.

अर्थात त्यांच्या पावसाला पाऊस म्हणावं का, असं आपल्यासारख्या कोकणातल्या माणसाला वाटतंच. मँचेस्टरला वर्षभरात साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता. म्हणजे त्यांचं अख्खं वर्ष आपल्या एका दिवसात मावतं. पण आपला पाऊस दसऱ्याच्या सुमारास बिऱ्हाड आवरतो आणि पुढचे सात-आठ महिने सगळं खडखडीत वाळतं. तिकडचा जातच नाही. थोडा पडतो, थांबतो, पुन्हा भुरभुरतो. वाळायला म्हणून सवड मिळत नाही. गाडीच्या पत्र्याला धो धो पावसापेक्षा हे न वाळणंच अधिक बाधतं.

अशा गाडीला इंग्रजीत कन्व्हर्टिबल म्हणतात. आपल्याकडे त्या घडीच्या छपराला सुरेख शब्द आहे : टप. टांग्याला टप असे, मुंबईच्या व्हिक्टोरियाला असे. ऊन उतरलं की गाडीवान तो मागं पाडी आणि पावसाचं चिन्ह दिसलं की पुढं ओढी. मोटारीचा टप हा त्याचाच नातू. कातड्याच्या जागी कापड आलं, एवढाच फरक. ते कापडही साधं नसतं. बाहेरून विणलेलं कापड, आतून सुती अस्तर आणि मधे रबराचा थर. ग्लासगोचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ साली दोन कापडांमधे रबर घालण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं आणि तिचा कारखाना पुढं मँचेस्टरलाच निघाला. त्या कापडाचे रेनकोट शिवले तेव्हा गंमत अशी झाली, की कापडातून थेंब येईना, पण शिंप्यानं सुई जिथं जिथं घातली तिथून पाणी आत यायला लागलं. दोनशे वर्षं झाली. अजूनही टपाचं कापड क्वचितच दगा देतं. दगा देतात ते सांधे.

आमची लेक आणि जावई मँचेस्टरजवळ राहतात. जावयांकडे २००२ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोनच आसनं, बुटकी, हिरवी. या जातीची पहिली गाडी १९८९ साली आली. जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांची मजा जपान्यांनी नव्यानं बांधली आणि ती ब्रिटिशांनाच विकली. २०१६ साली अशा दहा लाख गाड्या पुऱ्या झाल्या. तर आम्ही उभयता ऑक्टोबरात तिकडं पोचलो तेव्हा ही हिरवी गाडी हा घरातला नाजूक विषय झालेला होता. डाव्या सीटच्या मागं कार्पेट ओलं. काचा आतून धुरकट. दार उघडलं की पावसाळ्यात बंद राहिलेल्या देवळासारखा वास. लेकीचं म्हणणं होतं की भंगारात द्यावी. एका गॅरेजवाल्यानं टपच नवा घालायला सांगितला होता, आणि त्याचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. त्यात नोव्हेंबरात वार्षिक तपासणी. तिकडं तीन वर्षांवरच्या प्रत्येक मोटारीची दरवर्षी तपासणी होते आणि नापास गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

जावई फारसं बोलत नव्हते. आमचे व्याही एसटीत चालक होते. जन्मभर डोक्यावर पत्रा घेऊन घाट चढले-उतरले. २०१८ साली ते तिकडं गेले तेव्हा जावयांनी त्यांना या गाडीतून, टप पाडून, लेक डिस्ट्रिक्टच्या वळणांवरून दिवसभर फिरवलं होतं. दोन वर्षांनी व्याही गेले तेव्हा विमानं बंद होती, मुलाला पोचता आलं नाही. या गोष्टी आमच्या लेकीलाही ठाऊक आहेत. पण ओला वास हा ओला वासच असतो.

मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली. त्यातली काही शाखातपासणीत. त्या कामात एक गोष्ट अंगवळणी पडते : तफावत जिथं दिसते तिथं ती सहसा झालेली नसते. पाण्याचं अगदी तसंच आहे. कार्पेट सीटमागं ओलं आहे याचा अर्थ सीटच्या वरती भोक आहे असा होत नाही. पाणी पत्र्याच्या कडेनं, वायरच्या अंगानं, अस्तराच्या मागून हातभर प्रवास करतं आणि सखल जागा सापडली की प्रकट होतं. म्हणून मी जावयांना म्हटलं, “टप राहू द्या बाजूला. आधी पाणी ओतून बघू.”

याची एक पद्धत आहे आणि ती कुणालाही घरच्या घरी करता येते. एकानं विजेरी आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन आत बसायचं. दुसऱ्यानं बाहेरून बागेच्या झारीनं पाणी घालायचं. जोराचा फवारा वापरायचा नाही, कारण पाऊस तसा पडत नाही. तो फवारा चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि मग भलताच सांधा आरोपी ठरतो. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे एकदमच ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रत्येक टप्प्याला पाच-दहा मिनिटं. शंकेच्या जागी कागदाची पट्टी खोचायची किंवा टाल्कम पावडर भुरभुरायची. थेंब आला की त्यात वाट उमटते.

आत बसायचं काम माझ्याकडे आलं. त्या गाडीत शिरताना गुडघ्यांनी जी तक्रार केली ती इथं नोंदवत नाही.

दारावर पाणी घातलं, आत थेंब नाही. पुढच्या काचेवरच्या रबरावर घातलं, कोपऱ्यात किंचित ओल, बस्स. मग जावई मागं गेले आणि टपाची मागची कड जिथं पत्र्याला मिळते तिथं त्यांनी उजवीकडून तांब्याभर पाणी सोडलं. गळगळ असा आवाज झाला आणि ते पाणी मागच्या चाकाच्या जरा पुढं, गाडीच्या पोटाखालून जमिनीवर पडलं. मग डावीकडून तांब्याभर. आवाज नाही. जमीन कोरडी. आणखी एक, आणखी एक. चौथ्या तांब्याला माझ्या पाठीमागून गार धार कार्पेटवर उतरली.

इथं या गाड्यांची रचना सांगायला हवी, कारण आमच्या घरातला सगळा वाद तिच्यावर येऊन थांबला. टपाच्या मागच्या कडेतून पाणी आत येऊच नये, अशी ही गाडी बांधलेलीच नाही. ते येणार, हे धरून ती बांधली आहे. कापडाच्या कडेखाली आतल्या बाजूनं एक पन्हळ असते, आपल्या कौलारू घराला असते तशीच. आमच्या आजोळी दोन पाख्यांच्या सांध्याखाली पोफळीच्या खोडाची पन्हळ होती. पावसाआधी शाकारणी करणारा गडी कौलं नंतर बघे, आधी त्या पन्हळीतला पाचोळा काढी. मोटारीची पन्हळ दोन्ही टोकांना उतरते. तिथं सीटच्या पट्ट्याच्या खांबामागं एकेक भोक असतं आणि त्यातून नळी खाली जाते. एवढीच योजना. पण गाडी झाडाखाली उभी राहते, पानं गळतात, धूळ येते, आणि बोटाएवढ्या त्या वाटेत चिखलाचं बूच बसतं. मग पन्हळ भरते आणि आतल्या काठावरून सांडते. माणूस ओलं कार्पेट बघतो, वर बघतो, आणि टपाला दोष देतो. पुष्कळदा कुणी शहाणा फटीत सिलिकॉन भरतो. आमच्या गाडीतही कुणीतरी भरून ठेवलेलं होतं. त्यानं पाण्याची उरलीसुरली वाटही बंद होते.

नळी साफ करायला तार घालू नये. ताठ तारेनं नळी फाटते किंवा सांध्यातून निसटते, आणि मग पाणी कायमचंच आत. हवेचा जोरदार झोतही तसाच. मऊ आणि लवचिक काहीतरी हवं. जुन्या घरांतून पडद्यांना प्लास्टिक चढवलेली स्प्रिंग असे, आठवते? तिच्यासारखं साधन नाही. लेकीच्या शेजारणीकडे तशी मिळाली. फिरवत फिरवत आत घातली, मागून कोमट पाणी. आधी काळा गाळ आला, मग सायकमोर नावाच्या झाडाचं पंखवालं बी, आणि त्या बियाला आतल्या आत फुटलेला पांढरा कोंब. त्यानंतर पाणी जे धावलं ते थेट जमिनीवर.

काम इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. कार्पेट उचललं. वरून नुसतं दमट वाटणाऱ्या कार्पेटखालच्या फोममधून बादलीभर पाणी पिळून निघालं. फोम गाडीत ठेवून वाळत नाही, तो बाहेरच काढावा लागतो. पण खरी काळजी त्याच्याही खाली होती. मोटारीच्या दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. तिला सिल म्हणतात. छपराच्या गाडीत भार वरच्या चौकटीवरही वाटला जातो. बिनछपराच्या गाडीत ती चौकटच नसते, त्यामुळे गाडीचा कणा म्हणजे मुख्यतः या दोन पेट्या. आणि सांडलेलं पाणी नेमकं तिथंच जाऊन बसतं. बाहेरून रंग झळझळीत, आतून गंज. तपासणीत सिलच्या गंजाकडे फार काटेकोरपणे पाहतात, सीटचा पट्टा जिथं जखडलेला असतो त्याच्या आसपास तर विशेषच. कारण अपघातात माणूस त्या पट्ट्यावर लटकलेला असतो. तेव्हा प्रश्न वासाचा नव्हता आणि कार्पेटचाही नव्हता.

एका म्हाताऱ्या वेल्डरकडे गाडी नेली. त्यानं खालून हातोडीच्या टोकानं ठोकत ठोकत ऐकलं, जसं आपण नारळ ऐकतो. उजवी पेटी खणखणीत. डाव्या पेटीच्या मागच्या टोकाला आवाज बसका. तळहाताएवढा पत्रा कापून काढला, चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊन नवा तुकडा जोडला, आतून मेण फवारलं. खर्च नव्या टपाच्या पाव हिश्शाहून कमी आला. आणखी दोन हिवाळे गेले असते तर दुरुस्तीला काही उरलं नसतं, असं तो म्हणाला. मला त्याचं म्हणणं पटलं, कारण कापलेला तुकडा त्यानं माझ्या हातात दिला होता आणि तो पापडासारखा मोडत होता.

टपाची निगा त्यामानानं सोपी. मऊ ब्रशनं कोमट पाण्यानं धुवावा, कपड्यांचा साबण लावू नये, वाळल्यावर कापडाचं जलरोधक द्रावण लावावं. रबरांवर वर्षातून दोनदा सिलिकॉनचा हात फिरवावा. ओला टप दुमडून ठेवू नये, बुरशी धरते.

आता तुम्ही म्हणाल, पुण्या-नाशिकच्या माणसाला याचं काय? आपल्याकडे महिंद्राच्या थारसारख्या एखाद्या गाडीलाच कापडी टप मिळायचा. पण छपराला खिडकी असलेल्या गाड्या आता गल्लोगल्ली आहेत. नवऱ्यामुलाचा भाऊ वरातीत जिच्यातून डोकं बाहेर काढतो ती. या सनरूफची गोष्ट तंतोतंत टपाचीच आहे. काचेच्या भोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही. खाली पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांतून नळ्या निघून खांबांतून खाली जातात. बकुळीखाली किंवा गुलमोहराखाली गाडी लावली की जूनपर्यंत त्या नळ्यांत काय साठत असेल ते बघा. पहिल्या पावसात छताच्या अस्तरावर डाग उमटतो आणि आपण काचेला नावं ठेवतो.

सनरूफही नसेल, तरी सुटका नाही. प्रत्येक मोटारीच्या दाराच्या आत पाणी जातं. काच खालीवर होते त्या फटीतून ते उतरतं आणि दाराच्या खालच्या कडेच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. गाडी चांगली असली तरीही. ही भोकं बुजली की दार हलवताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीत पानं साठली तर ते पाणी पायांशी उतरतं. आणि भर उन्हाळ्यात पायाखालचं कार्पेट ओलं झालं तर वर बघू नका, एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते.

हिरवी गाडी नोव्हेंबरच्या तपासणीत पास झाली. पडद्याची स्प्रिंग डिकीत असते आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही बाजूंना एकेक तांब्या पाणी ओतून जावई खाली वाकून बघतात. ही अट लेकीनं घातलेली आहे. परवा फोनवर तिनं मलाच विचारलं, “बाबा, आपल्या गाडीची बघितलीत का हो भोकं?” आमची गाडी साधी, चार दारांची, सनरूफ नसलेली. खाली उतरलो आणि एकेका दाराशी बसून उदबत्तीच्या काडीनं भोकं मोकळी केली. तीन दारं कोरडी होती. चौथ्यातून, सौ. बसते त्या बाजूच्या, वाटीभर तांबूस पाणी आलं.