निदान ब्रेकचं तरी!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे 'निदान' या शब्दाचा एकच अर्थ मला माहीत होता, तो म्हणजे 'कमीत कमी'. 'निदान पासिंगपुरते तरी मार्क पडू देत' यातलं निदान! डॉक्टर करतात तेही निदानच, हे मला मामाच्या जीपमुळे कळलं. तेव्हा मराठीच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. गाडीच्या चुका असतील तर मेकॅनिकलच्या सरांनी खुशाल काढाव्यात.

मामाचं गाव चिपळूणजवळ. त्याची जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी. फोर व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बूस्टर नाही, डिस्क नाही. मास्टर सिलिंडर एकच आणि तोही ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला लावलेला. आंब्याच्या पेट्या, खताची पोती आणि पावसाळ्यात वाडीतला आजारी माणूस, सगळं हिच्यातूनच जातं. आमच्या वाडीच्या चढावर दुसरी गाडी येतच नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कुंभार्ली घाट उतरत होतो. वळणावर मामाने ब्रेक दाबला आणि जीप खस्सकन उजवीकडे ओढली. समोरून एसटी! एसटीच्या ड्रायव्हरने वेळीच गाडी बाजूला घेतली, म्हणून आज मी हा लेख लिहिते आहे. घरी आल्यावर मामा म्हणाला, "बाय, आता ही भंगारात." आजी काहीच बोलली नाही. तिला दर महिन्याला दवाखान्यात नेते ती हीच जीप.

गंमत अशी की गॅरेजमध्ये गेली की जीप अगदी शहाण्यासारखी वागायची. दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे जावं आणि खुर्चीत बसताच दुखणं थांबावं, तसं. दोन वेळा खर्च झाला होता. एकदा नवे लायनर, एकदा मास्टर सिलिंडरचं किट. आठ दिवस बरं, नंतर पुन्हा तेच. त्यात मामा म्हणायचा, गाडी उजवीकडे ओढते. ड्रायव्हरकाका शपथेवर सांगायचे, "नाय ताई, डावीकडे." दोघांचं यावरून भांडणही झालं होतं.

मी वही काढली. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचं औषध पान्यात नसतं, नोंदीत असतं. दोष कधी येतो, किती किलोमीटरनंतर, उतारावर की सपाटीला, पेडल कसं लागतं आणि थांबल्यावर कुठलं चाक गरम असतं, एवढं लिहायचं. आता एकेक संशयित घेऊ.

पहिला संशयित पाणी आणि चिखल. ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि लायनर घसरतो. थोडं अंतर पेडल हलकेच दाबत चालवलं की पाणी वाळतं आणि ब्रेक परत येतो. आमचा दोष तर कोरड्या मे महिन्यातला. हा सुटला.

दुसरा ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ चा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की प्रमाण १४० वर येतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजसारखं मऊ होतं. गार झाल्यावर सगळं ठीक. आमचं पेडल मात्र कडकच होतं. हाही सुटला.

तिसरा मास्टर सिलिंडर. आतला रबरी कप झिजला की पाय हलका ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली जातं, जोरात दाबलं तर टिकतं. म्हणून तो कधी सापडतो, कधी नाही. पेडलला थोडी मोकळी चाल नसेल तर आणखी एक घोटाळा होतो. ऑइल टाकीत परतण्याचं बारीक भोक बंद राहतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल ब्रेक लावून ठेवतं. पण इथे पास्कलचा नियम आठवा. मास्टर एक, दाब सगळीकडे सारखा. मास्टरचा दोष चारही चाकांना भोवणार. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर दोष बहुधा चाकाकडे जाणाऱ्या फाट्यात किंवा चाकातच असतो. म्हणजे किटचे पैसे वाया गेले होते!

वही सांगत होती की दोष साधारण अर्ध्या तासाने येतो आणि पुढचं डावं चाक सर्वांत गरम असतं. (हात लावू नका. पाण्याचे दोन थेंब टाका, चर्र आवाज आला की समजा.)

मग गावातल्या मिस्त्रींना सोबत घेतलं. जीप तापवून आणली, सपाट जागेवर मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवला. डावं चाक हाताने फिरेना. व्हील सिलिंडरचा ब्लीडर निपल सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे शू किंवा स्प्रिंग अडकलेले नव्हते, दाब आत कोंडला होता. निपल बंद केला, ब्रेक दाबून चाक पुन्हा जाम केलं. या वेळी चाकाकडे जाणारा रबरी होज जिथे लोखंडी पाइपला जोडतो, तो सांधा सैल केला. इथे चाक सुटलं असतं तर दोष मास्टरच्या बाजूला. सुटलं नाही. दाब होजच्या पुढेच अडकला होता.

होज बाहेरून छान दिसत होता. मिस्त्रींनी तो मधोमध उभा चिरला. आतलं रबर फुगून त्याची एक पापडी सुटली होती. पाय दाबताना ऑइल जोराने पापडी ढकलून पुढे जायचं. परत येताना मागे जोर फक्त शूच्या स्प्रिंगचा, त्यामुळे पापडी झाकणासारखी बसायची. गार असताना ऑइल झिरपून परतायचं, गरम झाल्यावर रबर मऊ होऊन वाट बंद.

आणि मामा-ड्रायव्हरकाकांचं भांडण? दोघंही बरोबर! ब्रेक दाबताच डाव्या चाकाला दाब उशिरा पोचायचा, म्हणून गाडी उजवीकडे. पाय काढल्यावर डावं चाक अडकून राहायचं, म्हणून डावीकडे. मामाने ब्रेक दाबतानाचं सांगितलं, काकांनी सोडल्यानंतरचं.

आम्ही सगळेच होज बदलले, नवं ऑइल भरलं, लांबच्या चाकापासून हवा काढली आणि शू आवळले. आधी मोकळ्या मैदानात चाचणी, मग रस्ता. दोन सूचना मात्र पाळा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये ज्यांच्या दुचाकींना डिस्क ब्रेक आहे, त्यांनीही हे लक्षात ठेवावं. तिथेही ऑइल आहे, होज आहे आणि पास्कलही आहे. शिवाय 'कधी कधी होतं, चालतंय' असं म्हणणारे आपण सगळे आहोतच.

यंदा पावसाळ्यात आजीची एकही तपासणी चुकली नाही. आणि 'कमीत कमी' आणि 'रोग ओळखणे' हे दोन्ही अर्थ मला एकाच वेळी पटले. पार्ट बदलायच्या आधी निदान निदान तरी करावं!