जीवरक्षक नौकेचे इंजिन : लहान भाग, मोठी जबाबदारी

अनंत चतुर्दशीला लालबाग, परळ व गिरगाव भागांतील असंख्य गणेशमूर्ती वाजतगाजत गिरगाव चौपाटीवर येतात. दादर परिसरातील पुष्कळ मूर्तींचे विसर्जन दादर चौपाटीवर होते. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा येत असल्यामुळे या सुमारास समुद्राला उधाणाची भरती असते. १९३४ साली सुरू झालेल्या लालबागच्या राजाचे विसर्जन २०२५ मध्ये भरतीमुळे कित्येक तास खोळंबले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. अशा वेळी उथळ पाण्यात उतरलेले भाविक, तराफे, दोर आणि तरंगणारे निर्माल्य यांच्यामधून जीवरक्षकांना मोटरबोट न्यावी लागते. येथे वेगापेक्षा मंद व हुकमी चालीला महत्त्व असते. माणसांच्या जवळ असताना बोटीचे इंजिन अकस्मात बंद पडले अथवा एकाएकी उसळले, तर मदतीसाठी आलेली नौकाच संकटाचे कारण ठरू शकते.

संवेदकाचे कार्य

लहान मोटरबोटींना बहुधा आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागील फळीवर बाहेरून बसविलेले इंजिन असते. चालकाने दांडा पुढे ढकलला की तारेच्या साहाय्याने इंजिनातील थ्रॉटलची झडप उघडते व अधिक हवा आत जाते. इंधन फवाऱ्याने सोडणाऱ्या आधुनिक इंजिनांत, त्या हवेच्या प्रमाणात किती इंधन द्यावे आणि ठिणगी केव्हा पाडावी, हे विद्युत् नियंत्रक ठरवितो. झडप किती उघडली आहे, ही वार्ता त्याला देणारा भाग म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, अर्थात झडपेची स्थिती सांगणारा संवेदक होय. कार्ब्युरेटर असलेल्या पुष्कळ जुन्या व लहान इंजिनांत तो नसतो.

या संवेदकाची सर्वसाधारण रचना रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणासारखी असते. त्याला तीन तारा असतात. एकीतून सुमारे ५ व्होल्टचा पुरवठा येतो, दुसरी ऋण टोकाला जोडलेली असते आणि तिसरी झडपेच्या स्थितीनुसार बदलणारा दाब नियंत्रकाकडे पोहोचविते. झडप बंद असता हा दाब साधारणतः अर्धा ते एक व्होल्ट असतो. ती पूर्ण उघडली असता तो चार व्होल्टच्या आसपास जातो. प्रत्येक इंजिनाचा नेमका आकडा मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो.

झडप जवळजवळ बंद असताना दाबात पडलेला थोडासा फरकही इंधनाचे प्रमाण बिघडवितो. परिणामी इंजिन अडखळते, दांडा ढकलताच बंद पडते किंवा विनाकारण वेगाने फिरते. म्हणजे जीवरक्षकाला ज्या मंदगतीची सर्वाधिक गरज असते, तिथेच हा दोष प्रथम प्रकट होतो.

तपासणीचा क्रम

संवेदकाला दोष देण्यापूर्वी बॅटरीचा दाब, थ्रॉटलची तार आणि तिचे सांधे पाहावेत. तार सैल झाली असल्यास झडपच पूर्ण मिटत नाही. खाऱ्या हवेमुळे विजेच्या जोडणीवर हिरवट थर चढतो. तो स्वच्छ केल्यावर पुष्कळदा दोष नाहीसा होतो.

यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन चालू न करता केवळ चावी फिरवावी. मल्टिमीटरची टोके जोडणीच्या मागील बाजूने लावावीत. तारेचे आवरण टोचू नये, कारण त्या छिद्रातून खारे पाणी आत शिरते. झडप पूर्ण बंद असतानाचा दाब नोंदवून ती हाताने सावकाश उघडत न्यावी. आकडा अखंड चढत गेला पाहिजे. मध्येच तो घसरला किंवा उडी मारून पुढे गेला, तर आतील पट्टी झिजली आहे असे समजावे. असा संवेदक बदलणे हाच उपाय.

आकडा नीट चढतो, परंतु बंद स्थितीतील दाब पुस्तिकेप्रमाणे नाही, असे आढळल्यास जुळवणी करावी. संवेदकाच्या स्क्रूंची छिद्रे लांबट असतील, तर स्क्रू किंचित सैल करून तो केसभर फिरवावा व योग्य दाब मिळताच स्क्रू घट्ट करावेत. घट्ट करताना संवेदक पुन्हा सरकतो. म्हणून दुसऱ्यांदा मोजणे आवश्यक असते. छिद्रे गोल असल्यास तो भाग जुळवणीसाठी नसतो, त्यावर बळजबरी करू नये.

अखेरीस इंजिन चालवून मंदगतीचे फेरे मोजावेत. त्या वेळी त्याला थंड पाण्याचा पुरवठा हवा. कोरडे चालविल्यास पंपाचा रबरी पंखा लवकरच निकामी होतो. झडप बंद करण्याच्या स्क्रूशी किंवा संवेदकाशी खेळून अन्य दोष झाकण्याचा मोह टाळावा. तसे इंजिन किनाऱ्यावर ठीक वाटते आणि लाटांत फसविते.

नोंदवहीचे महत्त्व

किनाऱ्यावरील नगरपालिका, ग्रामपंचायती व मच्छीमार सहकारी संस्था यांनाही हे उपयोगी आहे. यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ या तपासणीस सोयीचा असतो. प्रत्येक इंजिनाची पुस्तिका हाताशी ठेवावी आणि बंद व पूर्ण उघड्या स्थितीतील दाब दिनांकासह नोंदवहीत लिहावा. गतवर्षीच्या आकड्याशी तुलना केली की झीज आधीच लक्षात येते. एका मल्टिमीटरने काही मिनिटांत होणारे हे काम आहे. ते विसर्जनाच्या आधी झाले, तर ऐन भरतीत हाक येताच नौका वेळेवर आणि हुकमी पुढे सरकेल.