चुंबकीय उद्दीपन आणि मज्जातंतूंची वेदना: चार दशकांचा मागोवा

शरीराला झालेल्या इजेची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचवणे हे वेदनेचे स्वाभाविक कार्य आहे. परंतु ही वार्ता वाहून नेणारे मज्जातंतू, मज्जारज्जू किंवा मेंदूतील संवेदनकेंद्रे स्वतःच बिघडली, तर बाहेर कोणतीही जखम नसताना जळजळ, विजेच्या झटक्यासारख्या कळा आणि नुसत्या स्पर्शानेही होणारी आग असा त्रास वर्षानुवर्षे चालू राहतो. या प्रकाराला मज्जातंतूजन्य वेदना म्हणतात. मधुमेह, नागीण, पक्षाघात, मज्जारज्जूची दुखापत अशी तिची अनेक कारणे असून लोकसंख्येच्या सुमारे ७ ते १० टक्के लोकांना ती असावी, असा अंदाज मांडला जातो. नेहमीची वेदनाशामके येथे फारशी चालत नाहीत, म्हणून नैराश्यावरील आणि अपस्मारावरील काही औषधे वापरली जातात. तथापि त्यांनीही पुरेसा आराम न मिळणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी आहे. अशा रुग्णांसाठी, कवटी न उघडता चुंबकीय क्षेत्राने मेंदू उद्दीपित करण्याची जी पद्धत गेल्या चार दशकांत घडत गेली, तिचा हा मागोवा आहे.

या पद्धतीचा भौतिक पाया मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनात आहे: बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण करते, आणि मेंदूची ऊती हीदेखील वाहकच आहे. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या ब्रिटिश संशोधकांनी डोक्याच्या त्वचेवरून थेट विजेचा झटका देऊन मेंदूतील प्रेरक बाह्यक, म्हणजे स्नायूंच्या हालचाली घडवणारा पृष्ठभागाचा पट्टा, जागृत करता येतो हे सिद्ध केले. पण कवटीचा विद्युतरोध मोठा असल्यामुळे झटका तीव्र द्यावा लागे आणि तो वेदनादायक ठरे. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण दूर केली. तांब्याच्या वेटोळ्यातून एक हजारांश सेकंदापेक्षाही कमी काळ प्रचंड प्रवाह सोडला की सुमारे दीड ते दोन टेस्ला तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र उमटते, ते कवटीतून जवळपास अडथळ्याविना आत जाते आणि पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या चेतापेशींना उद्दीपित करते. १९८८ मध्ये जपानच्या शोगो उएनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे वेटोळे पुढे आणल्यावर हा परिणाम मेंदूच्या लहानशा भागावर एकवटणे शक्य झाले.

हे उपकरण सुरुवातीला निदानासाठी, म्हणजे मेंदूपासून स्नायूंपर्यंतचे मार्ग शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी वापरले जाई. वेदनेवरील उपचाराची कल्पना मात्र शस्त्रक्रियेकडून आली. टोकियोच्या निहोन विद्यापीठातील ताकाशी त्सुबोकावा यांनी १९९१ मध्ये मेंदूच्या आवरणावर विद्युतअग्रे बसवून प्रेरक बाह्यकाला सतत सौम्य उद्दीपन दिले आणि पक्षाघातानंतरच्या दुर्धर वेदनेत त्यामुळे आराम पडत असल्याचे नोंदवले. वेदना ही संवेदना असताना तिच्यासाठी हालचालींच्या केंद्राला उद्दीपित करणे वरवर विसंगत वाटते. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांत, वेदनामार्ग तोडल्यानंतर थॅलॅमस या खोलवरच्या संवेदनकेंद्रात वाढणारी अतिसक्रियता प्रेरक बाह्यकाच्या उद्दीपनाने शमते, असे त्यांना आढळले होते.

शस्त्रक्रिया करूनही गुण न आलेल्या रुग्णांची कवटी व्यर्थ उघडली जाते, या चिंतेतून १९९०च्या दशकात चुंबकीय उद्दीपनाचा उपयोग पूर्वचाचणी म्हणून होऊ लागला. त्यातूनच, चाचणीने स्वतःच आराम पडत असेल तर तिलाच उपचार का मानू नये, हा प्रश्न पुढे आला. पॅरिसजवळील क्रेतेय येथे ज्याँ-पास्काल लफोशर यांच्या गटाने २००१ मध्ये १८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात सेकंदाला १० स्पंदने, म्हणजे १० हर्ट्झ, या वारंवारतेने वेदना कमी झाली, तर अर्ध्या हर्ट्झच्या संथ उद्दीपनाने ती झाली नाही. एकाच बैठकीचा परिणाम काही दिवसांत ओसरतो, हेही त्याच काळात कळले. त्यामुळे लागोपाठ बैठका देण्याकडे लक्ष वळले. इजिप्तमधील अस्यूत येथे एमान खेडर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पक्षाघातोत्तर वेदना किंवा चेहऱ्याच्या त्रिशाखी मज्जातंतूची वेदना असलेल्या ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पाच दिवस रोज दिलेल्या उद्दीपनाचा लाभ पुढे दोन आठवडे टिकल्याचे दाखवले. जागा कोणती हा प्रश्न ओसाकाच्या संशोधकांनी २००६ मध्ये तपासला: मेंदूच्या प्रतिमांच्या आधारे वेटोळे नेमके धरून बाह्यकाचे शेजारशेजारचे चार भाग पडताळले असता केवळ प्रेरक बाह्यकाने गुण आला, आणि तोही २० पैकी १० रुग्णांना. उद्दीपनाचा वेग, बैठकांची संख्या आणि नेमकी जागा हे तीन धागे अशा रीतीने एका दशकात हाती लागले.

आराम का पडतो, याचे उत्तरही हळूहळू उलगडले. प्रेरक बाह्यकातून निघालेला परिणाम तेथेच न थांबता थॅलॅमस, भावनांशी निगडित केंद्रे आणि मेंदूच्या देठातील वेदनारोधक यंत्रणा यांच्यापर्यंत पोहोचतो, असे लिआँ येथील प्रतिमा-अभ्यासांतून दिसले होते. अफूसदृश द्रव्यांची क्रिया रोखणारे नॅलॉक्सोन हे औषध निरोगी स्वयंसेवकांना आधी दिल्यास उद्दीपनाचा वेदनाशामक परिणाम घटतो, असे २०११ मध्ये आढळले. याचा अर्थ हा उपचार शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यांना कार्यप्रवण करतो, असा लावला गेला.

तथापि वेदना रुग्णाच्या सांगण्यावरूनच मोजावी लागते आणि उपचाराच्या नुसत्या अपेक्षेनेही ती कमी होते. म्हणून खऱ्या उपचाराची तुलना लटक्या उपचाराशी करणे अनिवार्य असते. वेटोळ्याचा टकटक आवाज आणि त्वचेला जाणवणारे ठोके यांची हुबेहूब नक्कल करणे कठीण असल्याने ही तुलना अनेक अभ्यासांत कच्ची राहिली. कोक्रेन या संस्थेच्या २०१०, २०१४ आणि २०१८ च्या आढाव्यांनी, सर्व प्रकारच्या चिवट वेदना एकत्र विचारात घेऊन, परिणाम अल्पकालीन व लहान आणि पुरावा कमी दर्जाचा असल्याचा निर्वाळा दिला. याउलट २०१४ मध्येच युरोपीय तज्ज्ञगटाने मज्जातंतूजन्य वेदना वेगळी काढून, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध अर्धगोलातील प्रेरक बाह्यकाला दिलेल्या जलद उद्दीपनास निश्चित परिणामकारकतेची श्रेणी दिली. हा भेद बऱ्याच अंशी प्रश्नातला होता, कारण एका बाजूने सर्व वेदनांची सरासरी पाहिली, तर दुसरीने एकाच वेदनेचा शोध घेतला.

२०२० आणि २०२१ या लागोपाठच्या वर्षांत दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि ते परस्परांना छेद देणारे होते. जपानमधील १४४ रुग्णांच्या चाचणीत ५ हर्ट्झची ५०० स्पंदने पाच दिवस देऊनही लटक्या उपचारापेक्षा फरक पडला नाही. फ्रान्समधील नादीन अताल आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत १४९ रुग्णांना २२ आठवड्यांत १५ बैठका मिळाल्या. त्यांत १० हर्ट्झची ३,००० स्पंदने दिली जात होती, आणि प्रेरक बाह्यकाच्या उद्दीपनाने २५व्या आठवड्यापर्यंत लटक्या उपचारापेक्षा सरस आराम दिला, तर कपाळामागील बाह्यकाच्या उद्दीपनाने तो दिला नाही. दोन्हींतील रुग्णसमूह वेगळे असले, तरी स्पंदनांच्या मात्रेतील सहापट अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

२०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या विशेष गटाने आपल्या सुधारित शिफारशींत या उपचाराला तिसऱ्या फळीत, सौम्य शिफारशीसह स्थान दिले. त्याच फळीत अफूजन्य औषधेही आहेत. परंतु चुंबकीय उद्दीपनाला व्यसनाचा धोका नाही, डोकेदुखी हा त्याचा सामान्य उपद्रव आहे आणि झटका येण्याची शक्यता अत्यल्प आहे, हे लक्षात घेता या स्थानाचे मोल वाढते. अपस्माराचे रुग्ण आणि डोक्यात धातूचे रोपण किंवा कानात कर्णावर्त रोपण असलेल्या व्यक्ती यांच्याबाबत मात्र कडक काळजी आवश्यक ठरते. शिवाय बैठकांसाठी वारंवार केंद्रावर जावे लागते, आणि प्रत्येक रुग्णाला गुण येतोच असे नाही.

या चाळीस वर्षांचे सार असे की, ज्या लटक्या उपचाराच्या कसोटीने सुरुवातीच्या आशा आकसल्या, तिनेच या पद्धतीला विश्वासार्ह केले. मर्यादित पण सिद्ध झालेला लाभ हा अमर्याद आश्वासनापेक्षा रुग्णाच्या अधिक कामाचा असतो. म्हणूनच कोणत्या रुग्णाला गुण येईल हे आधी ओळखणे आणि बैठकांचा खर्च व फेऱ्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणे, ही दोन कामे आता नव्या वेटोळ्याच्या शोधाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजेत.