डेल्टा म्हणजे नेमकं काय?
डेल्टा म्हटलं की कोरोनाच आठवतो ना? खरं तर हे ग्रीक लिपीतलं चौथं अक्षर. मोठं लिहिलं की सरळ त्रिकोण! म्हणून नदीच्या मुखाशी गाळाने तयार झालेली त्रिकोणी जमीन म्हणजे डेल्टा, मराठीत त्रिभुज प्रदेश. आपल्या खापरच्या उत्तरेची नर्मदा आणि दक्षिणेची तापी मात्र डेल्टा न करता खाडीतून समुद्राला मिळतात.

गणितात डेल्टा म्हणजे फरक. म्हणूनच फोनच्या डेल्टा अपडेटमध्ये फक्त बदललेला भाग उतरतो, डेटा वाचतो.

आणि कोरोना? त्या विषाणूला लोक ‘इंडियन व्हेरियंट’ म्हणत होते. रोगामुळे कुठल्याच देशाला बट्टा लागू नये म्हणून ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं ग्रीक अक्षरं वापरली. अल्फा, बीटा, गॅमा, मग डेल्टा. तिथे अर्थ एवढाच: चौथा नंबर.